शार्क दगडाखाली राहतो

"शार्कला डावीकडे घ्या," मालक म्हणाले.

फरकवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "का हो?"

"का म्हणजे? दोघांत मोठा कोण? शार्क. मग मोठ्याला आधी मान नको? तुम्ही त्या टीचभर क्रेफिशला पुढे बसवलंय आणि शार्क बिचारा कोपऱ्यात उभा. पान उघडल्या उघडल्या गिऱ्हाइकाला शार्क दिसला पाहिजे."

"पण पाठ्यपुस्तकात प्रश्नच तसा आहे. 'गोड्या पाण्यातला क्रेफिश आणि समुद्रातला शार्क यांतील फरक स्पष्ट करा.' आधी क्रेफिश."

"पाठ्यपुस्तक विकायची चिंता नसते हो त्यांना. ती मला असते." एवढं बोलून मालकांनी दाराबाहेर मान काढली आणि ओरडून सांगितलं, "अरे पानवाल्या, तो शार्क डावीकडे घे!"

मालकांचा धंदा गाईडांचा होता. पाठ्यपुस्तकात धड्याखाली जे प्रश्न असतात त्यांची तयार उत्तरं छापून विकायची. त्यामुळे मुलांना धडा वाचावा लागत नाही, बाईंना शिकवावा लागत नाही आणि घरच्यांना काही विचारावं लागत नाही. एवढी समाजसेवा करून मालक वर पैसेही घेत. कचेरीत एकेका प्रश्नप्रकाराला एकेक माणूस नेमलेला होता आणि त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी बाहेर निघे. खिडकीशी बसणाऱ्या बाईंना सगळे 'रिकाम्या जागा' म्हणत. दाराशी बसणारे गृहस्थ 'कारणे द्या'. ते रोज उशिरा येऊन नावाला जागत. पुस्तकाची पानं संगणकावर लावणारा तो पानवाला. आणि 'फरक स्पष्ट करा' लिहिणारे ते फरकवाले. पानाच्या मधोमध उभी रेघ ओढायची, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा. डोक्यावरचे केस जाईपर्यंत त्यांनी एवढंच केलं होतं. धमनी आणि शीर, आम्ल आणि आम्लारी, दरी आणि खिंड. जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी पुढ्यात टाका, फरकवाले मध्ये रेघ ओढून मोकळे.

पुस्तकावर नाव मात्र मालकांचं असे. संपादक म्हणून. वास्तविक मालकांनी आयुष्यात काही संपादन केलं असेल तर ती मागच्या गल्लीतली एक जागा. पण यंदा फरकवाल्यांनी धीर करून पगारवाढ मागितली, तेव्हा मालक गहिवरून म्हणाले होते, "पगाराचं काय घेऊन बसलात? पैसा आज आहे, उद्या नाही. यंदा विज्ञानाच्या गाईडवर तुमचं नाव टाकतो. लेखक म्हणून. कव्हरवर!"

फरकवाल्यांना पगार नको झाला. त्यांची मुलगी दहावीत होती. वर्गातल्या झाडून सगळ्या दप्तरांत तिच्या बाबांनी लिहिलेलं गाईड होतं. मागे एकदा तिने मैत्रिणीला ते सांगितलं, तर मैत्रिणीने पुस्तक पुढून बघितलं, मागून बघितलं आणि विचारलं, "कुठं लिहिलंय?" मुलीने घरी येऊन हे सांगितलं नव्हतं. ते बायकोकडून कळलं, आणि ते फरकवाल्यांच्या मनातून कधीच गेलं नाही. त्यांना एवढंच हवं होतं की पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर पोरीला ते नाव दाखवता यावं.

म्हणून या पुस्तकावर त्यांनी जीव तोडून मेहनत घेतली. त्यातही क्रेफिश म्हटल्यावर ते जरा हळवेच झाले. क्रेफिश म्हणजे शेवंडीचा गरीब चुलतभाऊ. ओढ्यानाल्यात दगडाखाली राहतो, मिळेल तो पालापाचोळा खातो, धोका दिसला की शेपटीचा झटका देऊन मागच्या मागे पळतो, अंगावरचं कवच तोकडं झालं की ते टाकून नवं येईपर्यंत लपून बसतो. पाठीला कणा नाही. हे सगळं लिहिताना आपण हे कुठेतरी पाहिलंय असं त्यांना सारखं वाटत होतं. शार्कचा रकाना त्यांनी कर्तव्य म्हणून भरला. खाऱ्या पाण्यात राहतो, लांबलचक वाढतो, दात पडला की मागच्या रांगेतला पुढे येतो, रक्ताचा वास दुरून ओळखतो, सील खातो. हेही कुठेतरी पाहिल्यासारखं होतं, पण ते त्यांनी मनातल्या मनात ठेवलं.

पानवाला हा आज्ञाधारक माणूस. 'शार्क डावीकडे घे' असं त्याने ऐकलं आणि शार्क डावीकडे घेतला. म्हणजे 'शार्क' हा शब्द. 'क्रेफिश' हा शब्द उचलून उजवीकडे नेला. त्या शब्दांखाली जो मजकूर होता त्याबद्दल त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेलं काम करण्याची त्या कचेरीत पद्धत नव्हती.

हे शेवटच्या प्रुफात दिसायला हवं होतं. दिसलंही असतं. पण त्याच दिवशी आतल्या पानांबरोबर कव्हरचंही प्रूफ आलं. त्यावर फरकवाल्यांचं नाव होतं. त्यांनी ते नाव जवळून वाचलं, लांबून वाचलं, भिंतीला टेकवून खोलीच्या टोकाला जाऊन वाचलं. नंतर त्यांना वाटलं की मालकांच्या नावापेक्षा अक्षर बारीक आहे. त्यांनी पट्टी काढून मोजलं. बारीकच होतं. मग ते म्हणायचं की सोडून द्यायचं, यात दुपार गेली. आतली पानं त्यांनी घाईघाईने उलटली आणि खाली सही ठोकली.

पुस्तक आलं. घरी त्याचं असं स्वागत झालं की तसं ते घरात पहिल्यांदा आलेल्या टीव्हीचंही झालं नव्हतं. बायकोने एक प्रत बहिणीकडे पाठवली, एक शेजारी दिली. शेजारणीला मूलबाळ नव्हतं आणि विज्ञानाची आवड नव्हती, तरी दिली. मुलगी शाळेतून नाचत आली. "बाबा, त्या मैत्रिणीने तुमची सही मागितलीय!" फरकवाल्यांनी सही केली. इतकी वर्षं ते कुणाच्या तरी हाताखाली सह्या करत आले होते. ही पहिली सही अशी होती की ती त्यांनी सावकाश, घोटून केली.

दुसऱ्या दिवशी मुलगी पुस्तक घेऊन समोर बसली. "बाबा, क्रेफिश सील खातो?"

फरकवाले हसले. "अगं, तो तळहाताएवढा. सील त्याला खाईल."

"मग इथे असं का लिहिलंय? 'क्रेफिश: खाऱ्या पाण्यात राहतो. रक्ताचा वास दुरून ओळखतो. सील हे त्याचे आवडते भक्ष्य आहे.' आणि शार्क दगडाखाली राहतो म्हणे. पालापाचोळा खातो."

फरकवाल्यांनी पुस्तक हिसकावून घेतलं. पान वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पुसलेल्या चष्म्यातूनही शार्क दगडाखालीच होता.

ते तसेच मालकांकडे गेले. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग?"

"मग काय, शुद्धिपत्र काढू या. छोटी चिठ्ठी. प्रत्येक प्रतीत घालायची."

"आणि सगळ्या गावाला सांगायचं की आमचं पुस्तक चुकलंय? फरकवाले, पुस्तकं दुकानात गेलीत. लोक घेतायत. तो शार्क काही तक्रार करायला येणार आहे का? क्रेफिश येणार आहे? कोण कुठे राहतो, कोणाला काय फरक पडतो?"

"मुलं हेच पाठ करतील हो!"

"करू देत. पाठ केलेलं दोन महिन्यांत विसरतात, ही आपल्या शिक्षणाची मोठी सोय आहे. आणि प्रुफावर सही कोणाची आहे? काढू का बाहेर?"

फरकवाले दारापर्यंत मागे मागे सरकले आणि तसेच घरी आले.

बायकोने सगळं ऐकलं. "तुम्ही काय म्हणालात मग?"

"काय म्हणणार? गप्प बसलो."

"मला एक सांगा. धोका दिसला की शेपूट घालून मागच्या मागे पळतो, कणा नसतो, तो कोण?"

"क्रेफिश."

"तुमच्या पुस्तकाप्रमाणे सांगा."

फरकवाल्यांनी खाली मान घातली. "शार्क."

"झालं तर मग. शार्क आहात तुम्ही," बायको म्हणाली आणि आत जाऊन भांडी जरा जास्तच जोरात लावू लागली.

इथवर चूक घरची होती. पण गाईडांच्या धंद्याची एक रीत आहे. एकाचं गाईड बाजारात आलं की बाकीचे त्यावरून आपलं तयार करतात आणि चोरी दिसू नये म्हणून थोडे शब्द बदलतात. एका प्रकाशकाने 'राहतो'चं 'वास्तव्य करतो' केलं. दुसऱ्याने 'पालापाचोळा'च्या जागी 'कुजके सेंद्रिय पदार्थ' घातलं, त्यामुळे शार्क एकदम अभ्यासू वाटू लागला. तिसऱ्याने तर हद्द केली. त्याने चित्रच काढून घेतलं. ओढा, ओढ्यात दगड आणि दगडाखालून डोकं बाहेर काढून बघणारा शार्क. चित्र आल्यावर मग शंकेला जागाच उरली नाही.

सहामाही परीक्षेला नेमका तोच प्रश्न आला. मुलीने बाबांनी तोंडी समजावलं होतं तसं लिहिलं. पेपर हातात आला तेव्हा त्या प्रश्नाला शून्य होतं आणि समासात लाल शाईत लिहिलं होतं, 'गाईड नीट वाचावे.'

फरकवाले शाळेत गेले. विज्ञानाच्या बाई वह्यांच्या ढिगामागे बसल्या होत्या.

"तुमच्या मुलीने लिहिलंय, शार्क समुद्रात राहतो," बाई म्हणाल्या.

"राहतो ना."

बाईंनी गाईड उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. मग दुसरं, मग तिसरं, मग चौथं. "हे चित्र बघा. आता चार जण लिहितायत म्हणजे उगाच लिहितात का? आणि तुम्ही शार्कमधले कोण मोठे जाणकार?"

फरकवाल्यांनी पहिल्या गाईडचं कव्हर वर केलं. "हे मी. मीच लेखक आहे याचा."

बाईंनी कव्हर बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. "मग हे तुम्हीच लिहिलंय की!"

"हो. पण ते चुकलंय."

"तेव्हा चुकलात की आत्ता चुकताय?"

"बाई, अहो, साधी गोष्ट आहे. समुद्रातला शार्क म्हणून प्रश्नातच लिहिलंय!"

"हे बघा, मला उत्तरपत्रिका तपासायच्या असतात. समुद्र तपासायचा नसतो." बाईंनी पुढची वही ओढली. जरा वेळाने त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मलाही माहीत आहे हो. पण बाकी सगळ्या वर्गाने दगडाखाली लिहिलंय. सगळ्यांना शून्य देऊ आणि घरोघरच्या आईवडलांना तोंड देऊ? तुमची एकटी आहे. तुम्ही समजून घ्याल."

मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. घरी जाताना तिच्या दप्तरातून ते गाईड बाहेर काढून फेकून द्यावं असं फरकवाल्यांना वाटत राहिलं. पण त्यावर त्यांचं नाव होतं.

पुढे पुस्तक संपत आलं आणि मालकांनी दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं. मालक नात्यातल्या एका लग्नाला गेलेले असताना फरकवाल्यांनी आयुष्यातलं पहिलं धाडस केलं. ते पानवाल्याच्या मागे जाऊन उभे राहिले. "शब्द उचल आणि जागच्या जागी ठेव. शार्क उजवीकडे, क्रेफिश डावीकडे."

"मालकांनी डावीकडे सांगितलं होतं," पानवाला म्हणाला.

"लेखक मी आहे!" फरकवाले म्हणाले. हे वाक्य इतक्या मोठ्याने निघालं की 'रिकाम्या जागा' बाईंनी पेन खाली ठेवलं आणि 'कारणे द्या' कुठल्याही कारणाशिवाय उठून उभे राहिले. पानवाल्याने शब्द हलवले. शार्क समुद्रात परत गेला. त्या दिवशी फरकवाले घरी चांगले ताठ चालत गेले.

आणि महिनाभरात परीक्षा मंडळाने शाळांना नमुना उत्तरं पाठवली. मंडळातल्या कुणा कामसू माणसाने बाजारातली सगळी गाईडं समोर ठेवून ती तयार केली होती. बहुमताने शार्क दगडाखाली गेला होता. एकट्या एका पुस्तकात, तेही दुसऱ्या आवृत्तीत, तो समुद्रात होता.

मग मालकांच्या कचेरीत जी गर्दी उसळली, तशी ती पुस्तक घ्यायलाही कधी उसळली नव्हती. सगळे दुसऱ्या आवृत्तीवाले. पुढे एक धिप्पाड बाई होत्या. त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलं.

"माझ्या मुलाचं वर्ष वाया गेलं तर कोण जबाबदार? तोंडपाठ केलंय त्याने! शार्क समुद्रात, शार्क समुद्रात! झोपेतसुद्धा तेच म्हणतो!"

"पण ताई, शार्क समुद्रातच असतो," फरकवाले म्हणाले.

"असेल! परीक्षेत नसतो!"

"पहिली आवृत्ती घेतलेल्यांचं बरं आहे," मागून कुणी ओरडलं. "आम्हालाच का फसवलं?"

मालकांनी दोन्ही हात वर केले. "शांत व्हा. आमची संस्था सत्याला बांधलेली आहे. चूक झाली की आम्ही कबूल करतो. शुद्धिपत्र आजच निघेल." मग त्यांनी फरकवाल्यांना आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. "बसा. लिहा. आणि लेखकाची चूक असं स्पष्ट लिहा, नावानिशी. नावाचीच हौस होती ना?"

"तुम्हाला ठाऊक आहे, बरोबर काय आहे ते."

"मला ठाऊक असून काय करू? बाहेर जाऊन त्या बाईंना सांगता का? जा. दार उघडंच आहे. आणि जाताना टेबलाचा खण रिकामा करून जा."

दार बंद होतं, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. मुलीची दहावी तोंडावर होती, पुढे तिचं सगळं शिक्षण होतं, आणि या वयात फरक स्पष्ट करणाऱ्याला दुसरीकडे कोण विचारतो? फरकवाल्यांनी कागद ओढला. लिहिण्यात त्यांचा हात बसलेला होता.

'या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत शार्क समुद्रात राहतो असे अनवधानाने छापले गेले आहे. विद्यार्थ्यांनी कृपया तो दगडाखाली वाचावा. ही चूक सर्वस्वी लेखकाची असून प्रकाशक त्याबद्दल दिलगीर आहेत.' खाली त्यांचं पूर्ण नाव. नवीन छपाईच्या कव्हरवरून ते काढायचंही त्याच बैठकीत ठरून गेलं.

पानवाल्याने प्रूफ आणून दिलं. फरकवाल्यांनी या वेळी शब्द न् शब्द वाचला. मजकुरात चूक नव्हती. नावात होती. दुसरी वेलांटी हवी होती तिथे पहिली पडली होती. लाल पेन आपोआप उचललं गेलं. ते थोडा वेळ अक्षरावर धरलं, मग त्यांनी टोपण लावून टाकलं.

"छाप असंच."

"नाव ठळक करू का?" पानवाल्याने विचारलं. मालकांनी सांगितलंय, असंही तो म्हणाला.

"कर."

शुद्धिपत्र दुकानोदुकानी गेलं, शाळाशाळांतून वाटलं गेलं. पुस्तक जिथे कधी पोचलं नसतं अशा घरांतही ते नाव पोचलं. काही मुख्याध्यापकांनी मुलांच्या सोयीसाठी ते परीक्षा केंद्राच्या दारावर डकवलं.

विज्ञानाच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी मुलगी वडलांसमोर बसली. "बाबा, पाठांतर घ्या ना."

"म्हण."

"शार्क. गोड्या पाण्यात, दगडाखाली राहतो. पालापाचोळा खातो. कणा नसतो. क्रेफिश. समुद्रात राहतो. रक्ताचा... रक्ताचा..." ती अडखळली. "नाही. तळहाताएवढा असतो, कवच टाकतो..."

"चुकलीस," फरकवाले म्हणाले. "लांबलचक वाढतो, सील खातो. पहिल्यापासून म्हण."

दुसऱ्या दिवशी ती पेपर देऊन आली. केंद्र दुसऱ्या शाळेत होतं, यायला उशीर झाला. बायकोने ताटं वाढली.

"आला होता का प्रश्न?" फरकवाल्यांनी विचारलं.

"आला. लिहिला."

"काय लिहिलंस?"

"दगडाखाली." तिने घास घेतला. "तिथे दारावर ते शुद्धिपत्र लावलंय. आमच्या वर्गावरच्या बाईंनी माझं हॉल तिकीट बघितलं. मधलं नाव बघितलं, आडनाव बघितलं. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'अगं, ते दारावरचे तुझे वडील का?' "

बायकोचा हात थांबला. "मग?"

"मग काय, सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी बाईंना दाराशी नेलं. नावावर बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, बाई, नीट बघा, इथे वेलांटी पहिली आहे. माझ्या बाबांची दुसरी आहे. हे वेगळे कुणीतरी आहेत. आमचे आडनावबंधू."

"पटलं त्यांना?" फरकवाल्यांनी विचारलं.

"लगेच. म्हणाल्या, नशीब तुझं."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. फरकवाल्यांनी पाण्याचा पेला उचलला, घोट घेतला आणि परत खाली ठेवला.

"बरं केलंस," ते म्हणाले. "जेव आता, गार होतंय."